विश्लेषण : ‘झिरो-टर्न’ घ्याल, पण तेवढे गवत आहे का?

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळ सोडले की कराड ओलांडेपर्यंत दुतर्फा ‘लॉन’च्या पाट्या दिसतात. सांगली-मिरज रस्ता, तासगाव, विटा, फलटण, वाई. कुठेही जा, मंगल कार्यालयाला आता हॉलपेक्षा हिरवळीचा अभिमान अधिक. त्यात शाळा-महाविद्यालयांची मैदाने, साखर कारखान्यांची आवारे, पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेले आणि फार्महाऊस यांची भर. एवढी हिरवळ झाली की ती कापणाराही लागतो. त्यामुळे मोबाइलवर अमेरिकेतल्या गवत कापणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून ‘आपणही तसले यंत्र घेऊन कंत्राटे घ्यावीत का’ असा विचार अनेक तरुण करतात, आणि काही संस्थाचालकही. व्हिडिओत माणूस खुर्चीत बसलेला असतो, हातात दोन दांडे असतात, आणि एकरभर हिरवळ चहा थंड व्हायच्या आत पट्ट्यापट्ट्यांनी कापून होते. या यंत्राला ‘झिरो-टर्न’ म्हणतात. यंत्र उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो ते सातारा-सांगलीच्या जमिनीवर, आपल्या पावसात आणि आपल्या मजुरीच्या दरात स्वतःची किंमत वसूल करते का, हा.

झिरो-टर्न म्हणजे नेमके काय?

साध्या ट्रॅक्टरला पुढची चाके वळवून वळावे लागते, म्हणून त्याला बांधाजवळ जागा लागते. झिरो-टर्नला स्टिअरिंगच नसते. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर असतात. उजवा दांडा उजव्या चाकाचा, डावा डाव्याचा. दोन्ही सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते, एक कमी केला की त्या बाजूला वळते, आणि एक पुढे व दुसरा मागे केला की जागच्या जागी गिरकी घेते. पोकलेन साखळीपट्ट्यांवर फिरतो, तेच तत्त्व. पुढची चाके ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी असतात. ती फक्त वजन धरतात आणि जिकडे ओढली जातील तिकडे वळतात. पोटाखाली दोन किंवा तीन पात्यांचा डेक, पाठीमागे साधारण २२ ते ३० अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मॅक्स स्विशर यांनी १९४९ मध्ये जागच्या जागी वळणारे यंत्र बनवले, आणि १९६०च्या दशकात कॅन्ससच्या जॉन रेगियर या शेतकऱ्याने आजच्या व्यावसायिक झिरो-टर्नचा पूर्वज तयार केला. हे यंत्र जन्मले ते सपाट प्रदेशात, मोठमोठ्या हिरवळींसाठी आणि महाग मजुरीच्या देशात. पुढचा सगळा हिशेब या तीन गोष्टींभोवती फिरतो.

वेग किती, आणि तो आपल्या कामाचा किती?

व्यावसायिक यंत्राचा ५२ इंची डेक घेऊ. ताशी दहा किलोमीटरने चालवले तर कागदावर तासाला सव्वातीन एकर होतात. वळणे, झाडांभोवतीचे फेरे, एकमेकांवर येणारे पट्टे धरले तर प्रत्यक्षात अडीच एकर. हाताने ढकलायचे २१ इंची यंत्र चालत्या माणसाच्या वेगाने तासाला सोळा गुंठ्यांच्या आसपास करते. म्हणजे झिरो-टर्न सहापट वेगवान आहे. विक्रेता इथे थांबतो. आपण पुढे जाऊ.

एक एकराचे लग्नाचे लॉन धरा. पावसाळ्यातले चार महिने आठवड्याला एकदा आणि उरलेल्या वर्षात पंधरवड्याला एकदा कापले तर वर्षात सुमारे ३४ कापण्या होतात. झिरो-टर्नला एका कापणीला २४ मिनिटे. वर्षाचे साडेतेरा तास! वर्षात ८,७६० तास असतात. त्यातले साडेतेरा तास यंत्र चालणार आणि उरलेले शेडमध्ये उभे राहणार.

अमेरिकेत व्यावसायिक दर्जाचे यंत्र साधारण आठ ते पंधरा हजार डॉलरना मिळते. वाहतूक आणि कर चढले की आपल्याकडची किंमत वेगळी होते, ती प्रत्येकाने विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. उदाहरणापुरते नऊ लाख धरू: एक लाख खिशातले, आठ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे १७,४०० रुपये, वर्षाला दोन लाख नऊ हजारांच्या घरात. एकाच लॉनवर हे यंत्र चालवले तर प्रत्येक कापणीवर सहा हजार रुपये नुसत्या हप्त्याचे पडतात. पेट्रोल अजून टाकलेलेच नाही.

तेच यंत्र वर्षाला ३०० तास चालले तर तासाला हप्त्याचे सातशे रुपये, साडेचार लिटर पेट्रोलचे पावणेपाचशे, चालवणाऱ्याचे शंभर आणि देखभालीचे शंभर असे साधारण चौदाशे रुपयांत काम होते. हा आकडा बरा वाटतो. मात्र ३०० तास भरायला एक एकराची बावीस लॉन हातात हवीत, तीही एकमेकांपासून फार लांब नसलेली. कारण ४०० ते ६०० किलोचे हे यंत्र रस्त्यावर चालत जात नाही. छोट्या हत्तीचा हौदा पाच फुटांपेक्षा किंचित अरुंद असतो. ५२ इंची डेक आणि त्याची गवत फेकणारी झडप एवढ्या जागेत बसवताना जीव मेटाकुटीला येतो आणि वजनही मर्यादेजवळ जाते. मोठा पिकअप, मजबूत रॅम्प, बांधायचे पट्टे आणि चढवा-उतरवायला लागणारा वेळ धरा. २४ मिनिटांच्या कामासाठी वाईहून फलटणला जाऊन येणारा दिवसाला दोन लॉन करेल, फार तर तीन.

एखाद्या मोठ्या आवाराला तरी परवडेल?

इथे वाहतुकीचा खर्च नाही, म्हणून हिशेब सुधारायला हवा. बारा एकर हिरवळ असलेले एखादे महाविद्यालय किंवा कारखाना धरू. हाताने ढकलायच्या यंत्रांनी एका कापणीला तीस तास लागतात. मजुरी दिवसाला ६०० रुपये धरली तर सव्वादोन हजार, आणि तासाला एक लिटर पेट्रोल लिटरला १०५ रुपयांनी धरले तर तीन हजार दीडशे, एकूण ५,४००. झिरो-टर्नला पाच तासांहून थोडे कमी लागतात: पेट्रोल २,२७० रुपये, चालवणाऱ्याचा एक दिवस ६००, एकूण २,८७०. एका कापणीला अडीच हजारांची बचत, वर्षाला ८६ हजार. हप्ता मात्र दोन लाख नऊ हजार.

या दराने हप्त्याइतकी बचत व्हायला २९ एकर हिरवळ लागते. २९ एकरांवर यंत्र वर्षाला सुमारे चारशे तास चालेल, म्हणजे पाच वर्षांत दोन हजार तास. व्यावसायिक यंत्राचे मोठे काम निघण्याचा टप्पाही साधारण तिथेच येतो. थोडक्यात, कर्ज फिटेल त्याच सुमाराला इंजिन उघडायची वेळ येईल. (देखभालीचा खर्च दोन्ही बाजूंनी वगळला आहे. तो धरला तर झिरो-टर्नची बाजू आणखी पडती होते.)

असे का होते? अमेरिकेत गवत कापणाऱ्याचा तास पंधरा-वीस डॉलरला पडतो, म्हणजे बाराशे ते सतराशे रुपये. आपल्याकडे तोच तास ७५ रुपयांचा. आणि पेट्रोल आपल्याकडे त्यांच्याहून महाग. झिरो-टर्न माणसाचे तास वाचवतो आणि त्यासाठी इंधन व भांडवल खर्च करतो. जिथे माणूस महाग तिथे हा सौदा फायद्याचा. आपल्या दोन जिल्ह्यांत माणसे मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, ऊसतोडीच्या हंगामात तर फारच. पण मिळालेल्या माणसाची मजुरी अजूनही लिटरभर पेट्रोलपेक्षा कमी आहे. ही गोष्ट आनंदाची नाही, पण हिशेब तिच्यावरच उभा आहे.

वेळेलाच किंमत असेल तर गोष्ट वेगळी. सत्तर मीटर त्रिज्येचे क्रिकेटचे मैदान पावणेचार एकरांच्या आसपास भरते. सामन्याच्या आदल्या दिवशी पावसाने दोन तास उघडीप दिली तर झिरो-टर्न ते दीड तासात उरकतो. एका ढकलयंत्राला साडेनऊ तास लागतात. मैदान वेळेत तयार होणे हाच ज्यांचा धंदा आहे त्यांनी वरचा तक्ता बाजूला ठेवला तरी चालेल.

पावसाळ्याचे गणित वेगळे का?

लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीच्या आधी आटोपतात. चातुर्मासात लॉन रिकामे, उत्पन्न नाही. गवत मात्र नेमके त्याच चार महिन्यांत वेड्यासारखे वाढते. कापले नाही तर कार्पेट लॉनमध्ये लव्हाळा आणि रानगवत घुसते, आणि नोव्हेंबरमध्ये नव्याने लावायची पाळी येते. म्हणजे कापणीचा सगळ्यात मोठा खर्च मालकाच्या खिशात पैसे नसताना येतो. कंत्राट घेणाऱ्याने हे आधीच ओळखून वर्षाचा ठोक दर बारा हप्त्यांत ठरवावा. कापणीगणिक दर ठरवला तर जुलै-ऑगस्टमध्ये ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच ऐकावे लागते.

दोन जिल्ह्यांतला पाऊसही एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, तर माण, आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरात पावसाळ्यात यंत्र बाहेर काढायला कोरडा दिवस शोधावा लागतो. जतमध्ये हिरवळ टिकते तीच बोअरच्या पाण्यावर, आणि पाणी कमी पडले की कापण्याची गरजच उरत नाही. यंत्राला वर्षभर काम देणारा पट्टा मधला: वाई, सातारा, कराड, वाळवा, पलूस, मिरज.

पण हाच पट्टा कृष्णेच्या काळ्या मातीचा. ओली काळी माती कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाचशे किलोचे यंत्र तिच्यावर जागच्या जागी गिरकी घेते तेव्हा आतले चाक गवत मुळासकट पिळून काढते आणि तिथे पावलाएवढा चिखलाचा गोल उरतो. म्हणून जाणकार चालक ओलीत ‘शून्य वळण’ घेतच नाहीत. इंग्रजी वाय अक्षरासारखे पुढे-मागे करून वळतात. ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण चार महिने वापरायचा नाही, असा हा प्रकार. डेकखाली ओल्या गवताचा आणि मातीचा थर बसतो, हवा खेळत नाही, काप दातरा येतो. दर वापरानंतर डेक खरवडणे आलेच. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर नदीकाठच्या अनेक मैदानांवर गाळ बसला. असल्या बारीक गाळात पाती दुप्पट वेगाने झिजतात.

ओघात आले म्हणून: आपल्या मैदानांवरचे सगळ्यात चिवट गवत म्हणजे हरळी. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने ती कुदळीने खणून बांधावर वाळत टाकली, गणपतीला तिच्या दूर्वा वाहिल्या, आणि आता तीच सुधारित जात म्हणून विकत आणून मैदानावर लावतो. ती खाली कापलेली सोसते. तरी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम तिलाही लागू. पाऊस लागून तीन आठवडे कापणी चुकली तर एकदम बुडखा न गाठता दोन टप्प्यांत खाली यावे.

उतारावर धोका का असतो?

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचावा. बाकीच्या चुका पैशाच्या आहेत, ही जिवाची आहे.

झिरो-टर्नमध्ये पुढे जाणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे मागची दोनच चाके करतात. पुढची चाके मोकळी. ओल्या उतारावर मागची चाके एकदा घसरली की ब्रेक गेला आणि दिशाही गेली. पुढची चाके उतार सांगेल तिकडे वळतात आणि यंत्र नाक खाली करून सुटते. चालक घाबरून दांडे मागे ओढतो, चाके आणखी घसरतात. पॉवर टिलर चालवणाऱ्यांना याचा चुलतभाऊ ठाऊक आहे: उताराला टिलरचा उजवा क्लच दाबला की तो डावीकडे वळतो, आणि नवखा माणूस बांधाखाली जातो. सपाटीवर शिकलेली सवय उतारावर उलटते.

बहुतेक उत्पादक १५ अंश ही वरची मर्यादा सांगतात, काही दहाच अंश. पंधरा अंश म्हणजे शंभर फूट आडव्या अंतरात सुमारे २७ फूट चढ. डोळ्याला हा उतार फारसा वाटत नाही, म्हणूनच फसगत होते. मोबाइलमधल्या लेव्हल मोजणाऱ्या अ‍ॅपने तो मोजता येतो. फळीवर मोबाइल ठेवून मोजायला दोन मिनिटे लागतात. तुलनेसाठी, मातीच्या धरणाचा किंवा बंधाऱ्याचा उतार साधारण एकास दोन ते एकास तीन असतो. एकास तीन म्हणजे १८ अंश, एकास दोन म्हणजे साडेसव्वीस. म्हणजे कुठल्याही मातीच्या भरावाची बाजू झिरो-टर्नने कापायचे काम घेऊच नये, दर कितीही चांगला असो. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांची पायऱ्यापायऱ्यांची हिरवळ आणि कालव्याचे काठ यांनाही हेच लागू. तळे, विहीर, दरड किंवा संरक्षक भिंत यांच्या काठापासून यंत्राच्या दोन रुंदींइतके अंतर सोडावे. उरलेली पट्टी ब्रश कटरने करावी, किंवा मालकाची हरकत नसेल तर मेंढ्यांनी. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीला कुठलाही उतार चालतो.

चालकाच्या पाठीमागे लोखंडी कमान असते. यंत्र उलटले तर ती त्याला चिरडण्यापासून वाचवते, पण पट्टा बांधलेला असेल तरच. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि कमानीसकट यंत्र अंगावर येते. उलट, झाडांच्या फांद्या लागतात म्हणून कमान खाली पाडली असेल तेव्हा पट्टा बांधू नये, कारण मग सुटून जायची वाटही बंद होते. आपल्याकडे कमान ‘मध्ये येते’ म्हणून काढून ठेवण्याची आणि खुर्चीखालचे सुरक्षा-स्विच वायरने जोडून टाकण्याची सवय आहे. चालक उठला की पाती बंद करणारा तो स्विच आहे. तो जोडून टाकलेले जुने यंत्र कोणी विकायला आणले तर किंमत विचारण्याची गरज नाही, परत पाठवावे.

लग्नानंतरच्या लॉनवर काय सापडते?

मंडपाच्या खुंट्या, बाइंडिंग वायर, खिळे, फटाक्यांचे अवशेष, फुटलेल्या बाटल्या. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. या वेगाने उडालेली खुंटी समोरच्या गाडीची काच फोडते, माणसाच्या डोळ्याचे तर बोलायलाच नको. कापण्याआधी एका माणसाने संपूर्ण लॉनवर चालत फिरून वेचणी करणे, हा कामाचाच भाग धरून त्याचा दर लावावा. गवत फेकणारी झडप कधीही बांधून वर ठेवू नये आणि ती बाजू माणसांकडे करू नये. मांडीवर पोराला बसवून फेरी मारणे हा तर गुन्हाच समजावा. खुंट्यांइतकाच त्रास झेंडूच्या माळांचे दोरे देतात. ते पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात, सील कापतात आणि बेअरिंगमध्ये ओल जाते. बेअरिंग ओरडू लागले की लोक ग्रीस मारतात. खरे दुखणे आतल्या दोऱ्यात असते.

पेट्रोलमधले इथेनॉल चालेल का?

हा प्रश्न विक्रेत्याला विचारणारे कमी भेटतात. पण यंत्राचे आयुष्य यावर ठरू शकते. देशात आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. या यंत्रांवरची बहुतेक परदेशी इंजिने दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात आणि त्यांच्या पुस्तिकेत तसे छापलेले असते. गंमत अशी, की हे इथेनॉल ज्या कारखान्यांतून येते त्यांतले कितीतरी याच दोन जिल्ह्यांत उभे आहेत. ऊस आमचा, इथेनॉल आमचे, आणि कार्ब्युरेटर अमेरिकेचा.

इथेनॉल हवेतली ओल ओढते. रोज चालणाऱ्या दुचाकीत पेट्रोल साचून राहत नाही, म्हणून फारसे जाणवत नाही. हंगामी यंत्रात तेच पेट्रोल दोन-दोन महिने टाकीत राहते. तळाशी पाणी जमते, रबरी नळ्या फुगतात, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकटतात. आणि बिघाड झाल्यावर ‘पुस्तिकेबाहेरचे इंधन वापरले’ म्हणून वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता उरतेच. खरेदीआधी २० टक्के इथेनॉलबाबत लेखी उत्तर घ्यावे. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ यंत्र उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. महाबळेश्वरसाठी आणखी एक: समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दहा टक्क्यांहून जास्त घटते. तिथे इंजिन थोडे मोठेच घ्यावे लागते.

दुरुस्ती इथे होईल का?

अर्धी होईल. यंत्रांच्या बाबतीत सांगली जिल्हा अडाणी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली ती कडबा कापण्याच्या यंत्राने आणि लोखंडी नांगराने, आणि १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. आजही मिरज-कुपवाड किंवा कराडच्या वर्कशॉपमध्ये पात्याला धार लावणे, दांडा वळून घेणे, डेकचा पत्रा वेल्ड करणे, बेअरिंग बदलणे सहज होते. धारेच्या दोन्ही बाजूंचे वजन मात्र सारखे राहायला हवे. एका बाजूने जास्त घासलेले पाते थरथरते आणि महिनाभरात बेअरिंग खाते. खिळ्यावर पाते अडकवून तोल पाहण्याची पद्धत साधी आणि पुरेशी आहे.

अडते ते हायड्रॉलिक पंपापाशी आणि पट्ट्यापाशी. डेकचा पट्टा लांबीला आणि आकाराला ठरावीकच लागतो. बाजारातला ‘जवळपासचा’ पट्टा चार दिवसांत जळतो. पंपाचे तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर दोन्ही चाकांच्या ताकदीत फरक पडतो आणि यंत्र सरळ चालवताना एका बाजूला ओढू लागते. जुने यंत्र तपासताना हीच खूण पाहावी: सपाट डांबरावर दोन्ही दांडे पूर्ण पुढे करून पन्नास फूट चालवा. तेल गरम झाल्यावर, म्हणजे अर्ध्या तासाने, पुन्हा चालवा. तासांचा मीटर बदलता येतो, गरम पंपाचे वागणे लपवता येत नाही. विक्रेत्याला एवढेच विचारा, की पट्टा, पात्यांचा संच आणि एक बेअरिंग-दांडा आज गोदामात आहे का. ‘मागवून देतो’ म्हणाला तर कंत्राटे घेताना बदली यंत्राची सोय आधी करावी लागेल. लग्नाची तारीख मुंबई बंदरातल्या कंटेनरसाठी थांबत नाही.

मग दुसरा मार्ग कोणता?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर या द्राक्षपट्ट्यात दारोदारी मिनी ट्रॅक्टर उभे आहेत. त्यांच्या फवारणीची खरी घाई सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून पुढे असते. गवताची घाई त्याआधी, जून ते सप्टेंबर. याच ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा चार-पाच फुटी गवत कापायचा मोअर जोडला तर झिरो-टर्नच्या किमतीच्या लहानशा भागात मोठी मैदाने होतात. तो झाडांभोवती फिरणार नाही, वळायला जागा मागेल, शेतीचे टायर ओल्या हिरवळीवर ठसे पाडतील (गुळगुळीत टायर मिळतात, ते घालावेत), आणि लग्नाच्या लॉनवर हवा तसा मखमली काप देणार नाही. पण डिझेलवर चालतो, त्याचा मिस्त्री गावात आहे, आणि गवत नसेल तेव्हा दुसरे काम करतो. मैदाने आणि कारखान्यांची आवारे कापायची असतील तर माझ्या मते आजच्या घडीला हाच पहिला पर्याय. एक-दोन एकराच्या लॉनला स्वतः पुढे जाणारी दोन ढकलयंत्रे आणि काठांसाठी एक ब्रश कटर पुरे.

बॅटरीवरचे झिरो-टर्नही आता निघाले आहेत. कॅलिफोर्नियाने २०२४पासून नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवर निर्बंध आणल्यावर त्यांना जोर आला. इथेनॉलचा प्रश्न त्यांना नाही, आवाजही कमी, त्यामुळे हॉटेलांना ती आवडतील. पण किंमत आणखी वर आणि बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा.

कर्ज काढायचेच असेल तर?

मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटात पाच ते दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढवली. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात सेवा क्षेत्रातील वीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ग्रामीण भागात सर्वसाधारण गटासाठी २५ टक्के आणि विशेष गटासाठी ३५ टक्के अनुदान आहे. हे अनुदान बसले तर वरचा हिशेब बराच हलका होतो, पण बँक मंजुरीआधी प्रकल्प अहवाल मागते आणि त्यात ‘काम कुठून येणार’ हा रकाना असतो. तिथे तोंडी आश्वासने नको, वर्षभराची सही केलेली कंत्राटे जोडावीत. शेती अवजारांचे अनुदान यात गृहीत धरू नये. लॉन कापणे ही शेती नव्हे.

आणि डेमो मागायचा तर जानेवारीत मागू नये. त्या महिन्यात जमीन कडक, गवत आखूड आणि कोरडे असते, सगळीच यंत्रे छान चालतात. जुलैत, दोन दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली की विक्रेत्याला आपल्याच मैदानावर बोलवावे, कापायचा सगळ्यात उताराचा आणि सगळ्यात ओला कोपरा आधी दाखवावा, आणि यंत्र गेल्यावर जमीन पाहावी.